सभ्य लिहूनही मेसेज तुसडा का वाटतो?

प्रश्न : मी एका छोट्या टीमची प्रमुख आहे. सगळे वेगवेगळ्या ठिकाणांहून काम करतात, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक ईमेल आणि चॅटवरच होतं. मी कुणाला कधी वाकडा शब्द लिहीत नाही. तरी दोन सहकाऱ्यांनी मला सांगितलं की तुमचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. गेल्या आठवड्यात मी एकाला एवढंच लिहिलं होतं : ‘रिपोर्ट अजून आलेला नाही. आज पाठवा.’ सविस्तर ईमेल लिहिला तर त्याला उत्तरच येत नाही. माझं नेमकं काय चुकतंय?

उत्तर :

तुमच्या त्या दोन वाक्यांत एकही शब्द उद्धट नाही. म्हणूनच हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हीच वाक्यं तुम्ही समोर बसून बोलला असता, तर ‘पाठवा’ म्हणताना आवाज जरा वर गेला असता, चेहऱ्यावर थोडं हसू असतं आणि समोरच्याला कळलं असतं की या फक्त आठवण करून देताहेत. मेसेजमध्ये तो हेल जात नाही. तो वाचणारा आपल्या मनाने घालतो. ज्याचं काम राहून गेलंय तो माणूस आधीच धास्तावलेला असतो, त्यामुळे तो तुमचं वाक्य सगळ्यात कडक आवाजात वाचतो. तुम्ही आठवण पाठवली, त्याला खडसावणी पोचली.

मी गेली वीस वर्षं ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं देणाऱ्या टीमबरोबर काम करते आहे. आधी स्वतः उत्तरं लिहायचे, आता इतरांचे मसुदे तपासते. या काळात उघड उद्धट मसुदे मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. माणसं दुखावली ती बहुतेक अशा मजकुरांनी, जे लिहिणाऱ्याला अगदी सभ्य वाटत होते. तुम्ही एकट्या नाही आहात.

असं का होतं, यावर २००५ साली मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं द्यायची, काही सरळ आणि काही उपरोधिक. ती काहींनी ईमेलने पाठवायची, काहींनी आवाजात सांगायची आणि समोरच्याने सूर ओळखायचा. पाठवणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडे सारखाच होता : ७८ टक्के वेळा तरी कळेल. आवाजातून ७३ टक्के वेळा कळलं, ईमेलमधून फक्त ५६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नास टक्के बरोबर आलं असतं. चुका होतात हे नवीन नाही. मला खटकतो तो पाठवणाऱ्यांचा आत्मविश्वास. आपला सूर पोचला नाही याची त्यांना कल्पनाच नव्हती.

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगात याचं कारण फार सुंदर दिसतं. एकाने ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आपण ईमेल लिहितो तेव्हा आपल्या डोक्यात आपलाच आवाज चालू असतो.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात तुम्हाला तो ऐकवला जाईलच : संवादातला ९३ टक्के भाग शब्दांपलीकडचा असतो आणि शब्द फक्त ७ टक्के. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले आहेत. ते प्रयोग मर्यादित होते. बोलणाऱ्याच्या भावना ओळखायच्या आहेत आणि शब्द एक सांगतोय, आवाज वा चेहरा दुसरंच, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढंच त्यांत तपासलं होतं. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीही सांगितलं आहे. तेव्हा ‘लिहून काही पोचतच नाही’ असं समजून हात टेकू नका. पोचतं, पण आवाजाचं कामही शब्दांकडूनच करून घ्यावं लागतं.

मराठीत त्यासाठी साधनं भरपूर आहेत, आणि घाईत आपण नेमकी तीच गाळतो. ‘पाठवा’, ‘पाठवा हं’, ‘पाठवाल ना?’, ‘पाठवता का?’, ‘जरा पाठवून द्या’, ‘पाठवावा’ : काम एकच, पण माणसं सहा. बोलताना ‘हं’, ‘ना’, ‘जरा’, ‘बरं का’ आपोआप येतात. लिहायला बसलो की ‘व्यवस्थित’ लिहायचं म्हणून आपण ते काढून टाकतो आणि उरतो तो उघडा आज्ञार्थ. त्यावर उपाय म्हणून बरेच जण ‘कृपया’ लावतात. माझं स्पष्ट मत आहे की ‘कृपया’ने वाक्य मऊ होत नाही. ‘कृपया शांतता राखा’ ही पाटी असते, आणि ‘कृपया आज पाठवा’ वाचतानाही ती पाटीच डोळ्यांसमोर येते. एखादा ‘जरा’ किंवा प्रश्नार्थक क्रियापद जास्त काम करतं.

‘आपण’ या शब्दाने तर मला चांगलाच धडा शिकवला आहे. आमच्या टीममधल्या एकाने ग्राहकाला लिहिलं : ‘आपल्याकडून चूक झाली आहे.’ त्याला म्हणायचं होतं, आमच्या बाजूने चूक झाली. ग्राहकाने ते आदरार्थी वाचलं : तुमच्याकडून चूक झाली. आधीच चिडलेल्या माणसापुढे आम्ही चूक कबूल करतोय आणि त्याला वाटतंय की वर आरोपही करताहेत! बोलताना हा घोटाळा सहसा होत नाही. तेव्हापासून लेखी उत्तरात मी ‘आमच्याकडून’ किंवा ‘तुमच्याकडून’ असंच लिहायला लावते. टीमला लिहिताना ‘आपण’ जरूर वापरा, पण तुम्ही त्या कामात खरोखर सामील असाल तेव्हाच. ‘आपल्याला हे आज संपवायचंय’ असं लिहून प्रमुख स्वतः निघून गेला, तर ते लोकांच्या लक्षात राहतं.

आता तुमचाच मेसेज घेऊ. मी तो असा लिहिला असता :

‘रिपोर्टची वाट बघतेय. उद्या, बुधवारी सकाळी ११ च्या बैठकीत तो दाखवायचा आहे. आज, मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत मिळाला तर मला नीट वाचून जाता येईल. जमेल ना? कुठे अडलं असेल तर सांगा, जेवढा झालाय तेवढा पाठवलात तरी चालेल.’

लांबी वाढली, हे खरं. पण बघा, यात गोड शब्द एकही नाही. वाढलंय ते कारण, नेमकी वेळ आणि अडचण सांगायला मोकळी वाट. तुमच्या मूळ मेसेजनंतर त्याला तीन गोष्टींचा अंदाज बांधावा लागला असणार : आज म्हणजे कधीपर्यंत, एवढी निकड कशाची, आणि अर्धवट रिपोर्ट पाठवला तर बोलणी बसतील का? एवढा अंदाज बांधायला लावणं हाच तुसडेपणा वाटतो. माझ्या लेखी सौजन्य म्हणजे वाचणाऱ्याचे हे कष्ट आपण आधीच उचलणं.

मात्र याचं दुसरं टोकही धोक्याचं आहे आणि ते मी स्वतः गाठलं होतं. एका सहकारी महिलेला मी लिहिलं, ‘सवड मिळेल तेव्हा, जमल्यास, एकदा हे उत्तर बघाल का?’ मला ते दोन दिवसांत हवं होतं. तिने माझ्या शब्दांवर विश्वास ठेवला आणि सवड मिळाल्यावर, आठवड्याने पाहिलं. तोवर ग्राहकाला दिलेली मुदत टळून गेली होती. चूक पूर्ण माझी होती. ‘जमल्यास’, ‘शक्य झाल्यास’, ‘वेळ मिळाल्यास’ यांतलं एक खरं असेल तेव्हाच लिहा. मुदत असेल तर ती सांगणं उद्धटपणाचं नाही. लपवणं मात्र समोरच्यावर अन्याय करणारं आहे.

लांब ईमेलांना उत्तर का येत नाही? तुम्ही नमुना दिलेला नाही, पण मी पाहिलेल्या बहुतेक अनुत्तरित ईमेलांत मागणी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात दडलेली असते. आधी पार्श्वभूमी, मग इतिहास, मग अडचण आणि मग ‘तरी याबाबत निर्णय व्हावा’. कुणी घ्यायचा निर्णय? कधीपर्यंत? मोबाइलवर वाचणारा माणूस पहिल्या तीन ओळी बघतो, ‘हे निवांत वाचू’ म्हणतो, आणि तो निवांतपणा कधी येत नाही. मागणी पहिल्या दोन ओळींत आणा, पार्श्वभूमी खाली ठेवा. चौघांना एकच ईमेल जात असेल तर प्रत्येकाचं नाव घेऊन त्याच्याकडून काय हवंय ते लिहा. ‘सर्वांनी पाहावे’ असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाचे’ लिहून काही साधत नाही. ‘गुरुवारपर्यंत मंजुरी हवी : नवीन वेळापत्रक’ असं लिहिलं तर न उघडताही काम कळतं. आणि दोन वेगळे निर्णय हवे असतील तर ईमेलही दोन. एकाच ईमेलमध्ये तीन प्रश्न विचारले की उत्तर हमखास सगळ्यात सोप्या प्रश्नाचं येतं.

तारखांबाबत मी हट्टी आहे. आपल्या ‘परवा’चा अर्थ पुढचाही होतो आणि मागचाही. ‘परवा भेटू’ कळतं, पण ‘परवाच्या बैठकीचे मुद्दे पाठवा’ म्हणजे झालेल्या बैठकीचे की होणाऱ्या? ०५/०६ हे कुणाला पाच जून वाटतं, कुणाला सहा मे. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की वाद मिटतो. टीम वेगवेगळ्या देशांत असेल तर कुठल्या ठिकाणची वेळ तेही लिहा. आणि रात्री लिहिलेला ‘उद्या’ दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला गेला तर तो ‘आज’ झालेला असतो, म्हणून वार किंवा तारीख सोबत हवीच.

चॅटवर नुसतं ‘नमस्कार, आहात का?’ लिहून थांबू नका. समोरचा हातातलं काम सोडून ‘हो, बोला’ लिहितो आणि मग पडद्यावरच्या त्या ‘टाइप करत आहे’कडे बघत बसतो. नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये पाठवा. त्याला सवड मिळेल तेव्हा तो थेट उत्तर देईल. तुम्ही प्रमुख असल्यामुळे तर हे जास्तच पाळा. वरिष्ठाचा ‘जरा बोलायचं होतं’ एवढाच मेसेज आला की माणूस तासभर नोकरी जाण्याचा विचार करत बसतो. कशाबद्दल बोलायचंय ते चार शब्दांत लिहा.

चॅटमधला पूर्णविराम हीसुद्धा छोटी पण खरी गोष्ट आहे. सेलिया क्लिन यांच्या गटाने बिंगहॅम्टन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, टेक्स्ट मेसेजमधल्या एकशब्दी उत्तराला पूर्णविराम दिला की ते कमी मनापासूनचं वाटतं असं आढळलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही. तो अभ्यास इंग्रजीवर होता, पण ‘ठीक आहे’ आणि ‘ठीक आहे.’ हे दोन मेसेज शेजारी ठेवून बघा. ईमेलमध्ये विरामचिन्हं नीटच हवीत. चॅटवर एका शब्दाच्या उत्तराला मात्र पूर्णविराम देऊ नका, किंवा त्यापेक्षा आणखी दोन शब्द लिहा : ‘ठीक आहे, चालेल मला’.

‘बघते’, ‘पाहू’, ‘सांगतो’ हे आपले लाडके शब्द लेखी संवादात फार घात करतात. बोलताना चेहऱ्यावरून कळतं की हा होकार आहे की टोलवाटोलवी. लिहिल्यावर अर्थ ज्याचा त्याने लावायचा. त्याऐवजी ‘मिळालं, बुधवारी दुपारपर्यंत उत्तर देते’ एवढं लिहिलं तरी समोरचा निर्धास्त होतो. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या, तेव्हापासून ‘वाचलं तरी उत्तर नाही’ ही नवीनच दुखरी जागा तयार झाली. वाचणं म्हणजे मोकळं असणं नव्हे, हे आपणही समजून घ्यावं आणि एका ओळीची पोच देऊन दुसऱ्यालाही तिष्ठत ठेवू नये.

इमोजींचा आधार मर्यादित आहे. स्कॉट फाल्मन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठात, थट्टा ओळखू यावी म्हणून विरामचिन्हांचा हसरा चेहरा सुचवला, तोही अशाच गैरसमजांना कंटाळून. पण २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा, अगदी एकसारखंच चित्र बघूनही ते आनंदाचं, तटस्थ की नाराजीचं यावर सुमारे २५ टक्के वेळा लोकांचं एकमत झालं नाही. ओळखीच्या माणसाला, हलक्या विषयात जरूर वापरा. चूक दाखवताना शेवटी हसरा चेहरा लावला तर तो कुत्सित वाटू शकतो.

चूक दाखवायची असेल, नकार द्यायचा असेल किंवा माणूस दुखावलेला असेल तर फोन करा. माझा नियम असा : एकाच मुद्द्यावर तीन वेळा इकडून तिकडे झालं आणि गुंता सुटला नाही, तर चौथा ईमेल लिहायचा नाही. बोलून झाल्यावर जे ठरलं ते दोन ओळींत लिहून पाठवायचं, म्हणजे नोंदही राहते. फोन करण्याआधी ‘पाच मिनिटं आहेत का, वेळापत्रकाबद्दल’ असं विचारलं की समोरचा दचकत नाही. ऑडिओ मेसेज मात्र मला फारसे आवडत नाहीत. त्यात बोलणाऱ्याचा वेळ वाचतो, ऐकणाऱ्याचा जातो, आणि नंतर त्यातली तारीख शोधायची तर पुन्हा सगळं ऐकावं लागतं. पाठवायचाच असेल तर सोबत एका ओळीत विषय लिहा. तसंच मजकुराचा फोटो पाठवण्यापेक्षा मजकूरच पाठवा. टीममध्ये कुणी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असेल, तर अनेकदा त्याच्या हाती फक्त ‘चित्र’ एवढाच शब्द लागतो.

राग आला असेल तेव्हाचा सल्ला फार जुना आहे आणि तो अजून कुणी सुधारू शकलेलं नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. ती आरएफसी १८५५ म्हणून ओळखली जातात. भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर थांबून पाठवा, असं त्यांत सांगितलं आहे. पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याचं वाचताना उदार, हेही त्यांतच आहे. मी संतापाचा मसुदा लिहिते, पण ‘प्रति’ची जागा रिकामी ठेवून, म्हणजे बोट चुकलं तरी तो जाणार नाही. पाठवल्यावरच्या सोयींवर विसंबू नका. जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, व्हॉट्सॲपवर मेसेज दुरुस्त करायला १५ मिनिटं. आणि तिथे मेसेज पुसला तरी तो पुसल्याची खूण मागे राहते. मग समोरचा त्यात काय असेल याची कल्पना करत बसतो, आणि ती कल्पना मूळ मजकुराहून वाईट असू शकते.

सीसीबद्दल, म्हणजे ईमेलची प्रत आणखी कुणाला पाठवण्याबद्दल, एवढंच : चालू संभाषणात अचानक वरिष्ठाचं नाव घातलंत तर ती तक्रारच समजली जाते. तसंच करायचं असेल तर उघड लिहा : ‘निर्णय त्यांच्या हातात आहे म्हणून त्यांनाही यात घेतलं आहे.’ आणि सर्वांना उत्तर देण्याआधी यादी बघा. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये ‘मला या यादीतून काढा’ आणि त्यावर ‘मलाही’ अशी सर्वांना गेलेली उत्तरं इतकी वाढली की त्यांची ईमेल यंत्रणाच कोलमडली. तिथेही प्रत्येकाने एकच ओळ लिहिली होती.

माफीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्हाला आता तिची गरज पडणार आहे. ‘गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ हे वाक्य मी आमच्या मसुद्यांतून कायमचं काढून टाकलं. माणूस चार दिवस अडकून पडलाय हे त्याने स्वतः लिहून कळवलंय, आणि आपण म्हणतोय ‘असल्यास’! ‘चूक झालेली आहे’ हेही तसंच, जणू चूक आपली आपणच झाली. ‘मी तारीख चुकीची कळवली. त्यामुळे तुमचे दोन दिवस वाया गेले. माफ करा. आता नवीन तारीख ही आहे.’ एवढं पुरतं. तुमच्या सहकाऱ्यांनाही ‘वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असं लिहू नका. त्यांना वाईट वाटलंच आहे, आणि ते तुम्हाला सांगण्याइतका विश्वास त्यांनी दाखवला आहे. प्रमुखाला असं सांगणारे लोक फार थोडे असतात.

प्रमुख म्हणून आणखी एक गोष्ट. रात्री साडेदहाला सुचलेलं रात्री साडेदहालाच पाठवू नका. तुम्ही फक्त विसरू नये म्हणून लिहिलेलं असतं, पण समोरच्याला वाटतं, आत्ता उत्तर द्यायला हवं. ईमेल सकाळी जाईल असं आधीच लावून ठेवता येतं. नाहीच जमलं तर पहिल्या ओळीत लिहा : ‘हे उद्या, गुरुवारी कामाच्या वेळेत बघितलं तरी चालेल.’

त्या दोघांशी बोलताना आधी खुलासा करू नका. त्यांना तुमचा पोटात गोळा आणणारा एखादा मेसेज निवडायला सांगा आणि तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, त्यांच्या मनात जसा उमटला होता तसा. तुम्ही मध्ये काही न बोलता ऐका.